गल्लीतल्या धुराची तक्रार कुणाविरुद्ध करायची?

पत्र, थोडक्यात:

"ताई, मी गोवंडीला बैंगनवाडीत राहते. दोन घरी पोळ्यांची कामं करते, नवरा टेम्पो चालवतो. मुलगी सहा वर्षांची. दिवाळीपासून तिला रात्री दम लागतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टरांनी पंप दिलाय, पण सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते, म्हणून फारच त्रास झाला तर देते. गल्लीच्या टोकाला नाला आहे. समोरचे चाचा भंगाराचं काम करतात आणि आठवड्यातून तीन-चार रात्री नाल्याच्या कडेला तांब्यासाठी वायरी जाळतात. तो वास घशात बसतो. पण पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी होतं तेव्हा याच चाचांनी पोरीला खांद्यावर घेऊन शताब्दी रुग्णालयात नेलं होतं. त्यांच्याविरुद्ध तक्रार कशी करू? नवरा म्हणतो, तक्रार केलीस तर महापालिकेची गाडी येईल आणि आपलीच खोली तोडेल. भाऊ म्हणतो, माहूलला इमारतीत भाडं स्वस्त आहे, तिकडे जा. शाळेतल्या बाई विचारतात, हिला खेळाच्या तासाला बसवून ठेवू का? रात्री ती खोकायला लागली की वाटतं, आई म्हणून मीच कमी पडते."

– एक आई, गोवंडी

ताई,

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. तुम्ही कमी पडत नाही आहात. ती हवा तुम्ही बिघडवलेली नाही, आणि एकटीने ती सुधारणं कुणाच्याच हातात नसतं. तुमच्या हातात आहे तेही थोडं नाही, आणि त्यातली पहिली गोष्ट आज रात्रीपासूनच करायची आहे. ती म्हणजे पंप.

पंपाची सवय लागत नाही. सासूबाई हे काळजीपोटीच म्हणतात, आणि मुंबईच्या निम्म्या घरांत हेच ऐकायला मिळतं, पण ते खरं नाही. गोळी किंवा सिरप पोटातून सगळ्या अंगात जातं. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून ते फार थोडं लागतं. पंप दोन प्रकारचे असतात. एक दम लागल्यावर लगेच मोकळं वाटावं म्हणून घ्यायचा. दुसरा रोज घ्यायचा, म्हणजे श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरते आणि दम लागण्याची वेळ कमी येते. तुमच्याकडे यातला कोणता आहे हे मला पत्रावरून कळत नाही. रोजचा असेल आणि तुम्ही तो त्रास झाल्यावरच देत असाल, तर त्याचा उपयोग होत नाही आणि घरात समज मात्र होतो की औषध लागू पडत नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा पंप हातात घेऊन जा आणि विचारा, हा रोजचा की अडीअडचणीचा? स्पेसरही मागून घ्या. ते प्लास्टिकचं नळकांडं असतं, त्याच्या एका टोकाला पंप बसतो. सहा वर्षांच्या मुलीला पंप दाबायचा आणि त्याच क्षणी श्वास ओढायचा हे जमत नाही. औषध जिभेवर आणि घशातच राहतं. स्पेसरमधून ते नीट आत जातं. रोजचा पंप दिल्यावर चूळ भरायला लावायची.

पोरीच्या बरगड्यांमधली कातडी श्वासाबरोबर आत ओढली जात असेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहायची नाही. सरळ रुग्णालय गाठायचं. आणि घरात कुणालाही, सासूबाईंनासुद्धा, दोन आठवड्यांवर खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

घरात डासांची कॉइल लावत असाल तर ती बंद करा. २००३ च्या एका अभ्यासात असं आढळलं की एक कॉइल पूर्ण जळली की बारीक कणांचा जेवढा धूर होतो, तेवढा होण्यासाठी ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. दार-खिडकी लावून दहा बाय पंधराच्या खोलीत रात्रभर ती जळत असेल तर तीही पोरीला बाधते. नाल्याकाठी डास असणारच, म्हणून मच्छरदाणी घ्या. उदबत्ती-धूप काही दिवस नको. देवासमोर दिवा लावा, पुरे.

आता चाचांबद्दल. यावर मी बराच विचार केला, कारण तुम्ही पेचात का पडला आहात हे समजतं.

वायरीचं आवरण बहुतेक वेळा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचं असतं. त्यात क्लोरीन असतं. ते जळलं की आम्लाची वाफ सुटते. घशात बसतो तो वास तिचाच. त्याबरोबर डायॉक्सिन तयार होतात, ती फार विषारी रसायनं आहेत. जुन्या केबलींच्या आवरणात शिसंही घातलेलं असे. ते राखेत उतरतं. धूर तासा-दोन तासांत विरून जातो, राख मात्र नाल्याच्या कडेलाच पडून राहते. सकाळी मुलं तिथेच गोट्या खेळतात, तेच हात तोंडात जातात, तीच पावलं घरात येतात. शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो, आणि अंगात रक्त कमी असलेल्या मुलांच्या शरीरात ते जास्त शोषलं जातं. म्हणून चपला उंबऱ्याबाहेर ठेवा, कोरड्या झाडूआधी ओल्या फडक्याने फरशी पुसा, जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावा. डॉक्टरांना सांगा की गल्लीत वायरी जळतात, रक्तातलं शिसं तपासायला हवं का?

हे सगळं चाचांना ठाऊक असण्याची शक्यता कमी आहे. ठाऊक असतं तर त्यांच्या घरची मुलं त्या राखेजवळ त्यांनी फिरकू दिली नसती. त्यांच्याशी तुम्हालाच बोलावं लागेल आणि माझं मत स्पष्ट आहे: तक्रारीआधी बोला. आग पेटलेली असताना रात्री जाऊ नका. दिवसा जा, चाचींना बरोबर बसवा, पोरीचा पंप दाखवा. म्हणा, "चाचा, त्या दिवशी पोरीला तुम्हीच उचलून नेलंत. आता तिचा दम या धुराने वाढतोय. तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला सांगणार?" यात आरोप नाही, आणि खोटंही काही नाही.

पण नुसतं "जाळू नका" म्हणून भागणार नाही. जाळण्यावर त्यांचं पोट आहे. मग दुसरं काय करायचं, तेही तुमच्याकडे तयार हवं. जळून काळं पडलेलं तांबं भंगार बाजारात कमी दराने जातं. सोलून काढलेल्या लख्ख तांब्याला जास्त भाव मिळतो, आणि सोललेलं आवरणही प्लास्टिकच्या भंगारात विकता येतं. जाड वायरी सोलायला टेबलाला आवळून हाताने फिरवायचं मशीन येतं. वायरीच्या जाडीप्रमाणे पातं वर-खाली करायचं, वायर एका बाजूने घालायची, चिरलेली दुसऱ्या बाजूने येते. काही हजारांत मिळतं. बचत गट असेल तर त्यातून चाचींच्या नावावर कर्ज काढता येईल.

अडचण आहे ती बारीक वायरींची. चार्जर, हेडफोन, दिव्यांच्या माळा. त्या सोलत बसलं तर दिवसाची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणून त्यांना काडी लावली जाते. अशा वायरी न जाळता बारीक कातरून तांबं आणि प्लास्टिक वेगळं करणारी यंत्रं मोठ्या रिसायकलिंगवाल्यांकडे असतात, पण ते पाच-दहा किलोचा माल घेत नाहीत. इथे तुमच्या नवऱ्याचा टेम्पो कामाला येऊ शकतो. गल्लीतल्या चार-पाच भंगारवाल्यांनी बारीक वायरी वेगळ्या पोत्यात साठवल्या आणि महिन्यातून एकदा एकत्र नेल्या, तर वजनही भरेल आणि टेम्पोचं भाडंही सुटेल. घरात बसून हा हिशेब मांडून बघा. तुमचा नवरा आणि चाचा एका टेम्पोत बसले तर गल्लीतल्या बाकीच्या आगीही कमी होतील.

आणि एवढं करूनही चाचा ऐकले नाहीत तर? तर तक्रार करा. त्यांना आधी सांगून करा, पण करा. त्यांच्या उपकाराची परतफेड पोरीच्या श्वासाने करायची नाही. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे आणि डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, त्यासाठी ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये भरपाई ठरवली. पाच हजारांची पावती त्यांच्या घराला केवढी जड जाईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणूनच मी आधी मशीन सुचवते आहे.

चाचा उद्या थांबले तरी तुमच्या गल्लीतली हवा स्वच्छ होणार नाही, हेही सांगायलाच हवं. तुमच्या पाठीशी देवनारचं डम्पिंग आहे, १९२७ पासून. जवळपास शंभर वर्षं या शहराने आपला कचरा तुमच्या उशाशी टाकला. आत कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो, तो पेट घेतो. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या वर्षीच्या आगींच्या तपासात अटक झाली ती भंगारवाल्यांना. इतका कचरा, इतकी वर्षं, वर्गवारी न करता तिथे ओतण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. मला हे फार लागतं. रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळणारी भट्टीही २००९ मध्ये तुमच्याच भागात आली. मुंबईभरच्या दवाखान्यांतलं बँडेज आणि सलाईनच्या नळ्या इथे जाळल्या गेल्या. त्यात घाटकोपर-मानखुर्द रस्त्यावरचे ट्रक, काँक्रीटच्या प्लांटची धूळ, आणि गल्लीत कचऱ्याची गाडी शिरत नाही म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर पेटणारे ढीग. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या २४ विभागांत तुमचा एम-पूर्व, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा विभाग, सगळ्यात तळाला होता. या सगळ्यांत डोळ्यांसमोर दिसतात ते एकटे चाचा, म्हणून राग त्यांच्यावर निघतो. कागदावरची तक्रार मात्र बाकीच्यांविरुद्ध गेली पाहिजे.

त्याने काही होतं का, असं नवरा विचारेल. त्या भट्टीविरुद्ध गोवंडीतल्या रहिवाशांची संस्थाच उच्च न्यायालयात गेली होती आणि २०२३ मध्ये न्यायालयाने भट्टी दोन वर्षांत तिथून हलवायला सांगितलं. ही तुमच्यासारखीच, तिथे राहणारी माणसं.

नवऱ्याची भीती मी उडवून लावणार नाही. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, तुमच्या शेजारचं मंडाळाही त्यात होतं. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना महापालिकेची गाडी दिसली तरी धडकी भरते. पण धुराची तक्रार घनकचरा विभागाकडे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. त्या तक्रारीवरून कुणालाही खोली पाडण्याचा अधिकार मिळत नाही. खोलीचा प्रश्न वेगळ्या कायद्याचा, वेगळ्या कागदांचा. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर झोपडीला संरक्षण आहे, त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून पुनर्वसनाची सोय आहे. बैंगनवाडीचे मूळ भूखंड तर पालिकेनेच आखून दिलेले. तेव्हा जुनी मतदार यादी, फोटोपास (झोपडीधारकाचा सरकारी ओळख-दाखला), लाइट बिल, रेशनकार्ड यांच्या प्रती काढा, पावसात भिजणार नाहीत अशा पिशवीत घाला आणि एक संच भावाकडे ठेवा. आणि नवऱ्याला हेही सांगा की डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं, वस्ती बेकायदा असली तरी तिथल्या माणसांना पाणी नाकारता येत नाही. पाण्यासारखीच हवाही जगायलाच लागते. खोलीचा कागद कमजोर म्हणून श्वासाबद्दल बोलायचं नाही, असं कुठल्याही कायद्यात नाही.

तरी एकटीच्या सहीने काही पाठवू नका. महिला मंडळ असेल तर त्याच्या लेटरहेडवर, नसेल तर गल्लीतल्या पंधरा-वीस बायकांच्या सह्यांनी. त्याआधी महिनाभर नोंद ठेवा. भिंतीवर कालनिर्णय असेलच. त्याच्या रोजच्या चौकटीत लिहा: धूर किती वाजता आला, कुठून आला, वास कसला होता, पोरीला पंप किती वेळा लागला, कचऱ्याची गाडी आली की नाही. फोनवर केंद्रीय प्रदूषण मंडळाचं 'समीर' अ‍ॅप घेऊन त्या दिवशी हवेचा निर्देशांक (एक्यूआय) किती होता तोही टाका. कणांचं मोजमाप त्या निर्देशांकाहून वेगळं असतं: आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण २४ तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. "इथे फार धूर असतो" या वाक्यावर कारवाई होत नाही, पण "अमुक तारखेला रात्री साडेदहाला, अमुक नाल्याच्या कडेला, पालिकेच्या जागेवर" याला उत्तर द्यावं लागतं. जागा लिहा, माणसाचं नाव लिहू नका. मागणीही नेमकी करा: गल्लीच्या तोंडाशी रोज ठरलेल्या वेळी गाडी, नाल्याकडेची राख आणि वरची माती उचलणं, भंगारवाल्यांना बसायला आणि मशीन लावायला जागा.

१९१६ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, तोच क्रमांक विभाग कार्यालयातल्या अर्जावर लिहा आणि पोचीचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज: आमच्या तक्रारीवर कुणी, कोणत्या तारखेला, काय केलं? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे कंटाळवाणं काम आहे आणि दोन घरच्या पोळ्या लाटून ते करायचं म्हणजे सोपं नाही. म्हणून चार बायकांत वाटून घ्या. शाळा शिकलेली एखादी मुलगी अर्ज लिहील.

भावाचं माहूल मात्र नको. तिथे शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या आहेत. हरित लवादाने २०१५ मध्येच तिथल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं. ज्यांची घरं तोडून त्यांना तिथे पाठवलं होतं, त्यांनी लढा दिला आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहायला महिना १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं. लोकांना जिथून बाहेर पडण्यासाठी कोर्टात जावं लागलं, तिथे दम्याची मुलगी घेऊन आपण होऊन जायचं नाही.

इमारत दिसली की हवा चांगली असेल असंही समजू नका. लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड तुमच्यापासून लांब नाहीत. तिथल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की मधलं अंतर जेमतेम तीन मीटर. २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात तिथल्या साधारण दहातल्या एकाला टीबी झाल्याचं दिसलं, तर जवळच्याच, मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपी वसाहतीत ते प्रमाण शंभरात एक होतं. ऊन नाही, वारा नाही, तिथे जंतू टिकतात. कधी खोली बदलायची वेळ आली तर दुपारी बघायला जा. दिवा बंद करायला सांगा आणि खिडकीशी उभं राहून बघा, वर्तमानपत्र वाचता येतं का? समोरासमोर दोन खिडक्या किंवा दार-खिडकी उघडी ठेवून वारा जातो का? खाली बेकरी, वेल्डिंग किंवा कपडे रंगवण्याचं काम चालतं का? भाडं हजाराने जास्त पडलं तरी अशी खोली औषधाच्या खर्चात परवडते. पण सध्या कामं, शाळा आणि ओळखीची माणसं सोडून घाईने कुठे जाऊ नका. आधी तीन महिने पंप नीट चालू द्या, चाचांशी बोला, मग ठरवा.

शाळेतल्या बाईंना सांगा, तिला बसवून ठेवू नका. दमा आटोक्यात असेल तर मुलं धावू शकतात, धावायला हवीत. ज्या दिवशी मैदानावर धूर दिसतोय किंवा वास येतोय, त्या दिवशी सगळ्याच मुलांना आत घ्या, तिला एकटीला नाही. एक जास्तीचा पंप आणि स्पेसर तिच्या नावाची चिठ्ठी लावून बाईंच्या कपाटात ठेवा, आणि तो कसा द्यायचा ते एकदा त्यांच्यासमोर करून दाखवा.